पोलीस खात्याचं मानांकन : पाटीमागे काय असतं?

पोलीस खात्यांच्या अ‍ॅक्रेडिटेशनबद्दल अमेरिकेतल्या वाचकांनी तीन प्रश्न विचारले आहेत, चौथा साताऱ्याहून आला आहे. अ‍ॅक्रेडिटेशन म्हणजे खातं ठरलेल्या मानकांप्रमाणे चालतं का, हे बाहेरच्या संस्थेने तपासून दिलेली मान्यता. तिला इथे आपण मानांकन म्हणू.

प्रश्न : आमच्या टाउनशिपच्या पोलीस खात्याने नोटीस लावली आहे. मानांकनासाठी बाहेरून असेसर (तपासनीस) येणार आहेत, नागरिकांनी ठरलेल्या वेळेत फोन करून मत द्यावं. गेल्या वर्षी आमच्या घरी चोरी झाली, तपास धड झाला नाही. हे सांगू का?
— एक वाचक, न्यू जर्सी

सांगा, पण चोरीची हकीकत म्हणून नको. असेसर तुमच्या केसचा निकाल लावायला येत नाहीत, खात्याचा कारभार तपासायला येतात. न्यू जर्सीत हा कार्यक्रम राज्यातल्या पोलीस प्रमुखांची संघटना चालवते. प्रशासन, मनुष्यबळ, रोजचं कामकाज, तपास आणि अटकेतल्या माणसांची हाताळणी अशा पाच भागांत मानकं वाटलेली आहेत. मानांकन तीन वर्षांसाठी मिळतं. मधल्या काळात पालन चालू असल्याचा अहवाल खात्याने दरवर्षी द्यायचा असतो.

फोनवर तुम्हाला मोजकी मिनिटं मिळतील आणि बोलणं मानकांना धरूनच हवं, अशी अट असते. नोटीस शेवटपर्यंत वाचा. मानकांची प्रत खात्यात पाहायला ठेवल्याचं तिच्यात लिहिलेलं असतं, पण ती बघायला फारसं कुणी जात नाही. तुम्ही जा. तपास आणि फिर्यादीशी संपर्क यांबद्दलची मानकं काढा आणि त्यांतलं एखादं हाताशी धरून बोला. ‘तपास नीट झाला नाही’ यावर असेसरला काही करता येत नाही. ‘अमुक तारखेला फिर्याद दिली, केस नंबर हा, त्यानंतर चार महिन्यांत एकही फोन नाही, केस बंद केल्याचंही कळवलं नाही’ असं म्हणालात, तर तो ती फाइल मागवू शकतो.

एखाद्या अधिकाऱ्याच्या वागण्याबद्दल तक्रार असेल तर रस्ता वेगळा. ती इंटर्नल अफेअर्सकडे, म्हणजे पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या खात्यातल्याच विभागाकडे द्यायची. राज्याच्या धोरणानुसार तक्रार कोणाचीही, निनावीसुद्धा, घ्यावीच लागते. ‘साहेब नाहीत, सोमवारी या’ हे उत्तर तिथे चालत नाही.

प्रश्न : मी आमच्या शहराच्या नागरिक समितीवर आहे. आमच्या खात्यात २२ अधिकारी आहेत. चीफना मानांकनासाठी बजेटमध्ये तरतूद हवी आहे. एवढ्या लहान खात्याला हे झेपतं का? घोडं कुठे अडतं?
— एक वाचक, टेक्सास

२२ म्हणजे तसे बरेच झाले. अमेरिकेतल्या स्थानिक खात्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत दहाही अधिकारी नसतात.

आधी कार्यक्रम कोणता ते विचारा. राष्ट्रीय पातळीवरची जुनी संस्था म्हणजे ‘कमिशन ऑन अ‍ॅक्रेडिटेशन फॉर लॉ एन्फोर्समेंट एजन्सीज’, बोलीत ‘कलिया’. पोलीस क्षेत्रातल्या चार संघटनांनी १९७९ मध्ये ती उभी केली. तिचं पहिलं मानांकन १९८४ मध्ये फ्लोरिडातल्या माउंट डोरा या छोट्या गावाच्या खात्याला मिळालं, म्हणजे लहान असणं हा अडसर नव्हताच. तिच्याकडे दोन पायऱ्या आहेत : सुमारे १८० मानकांची पहिली आणि साडेचारशेच्या आसपास मानकांची वरची. चक्र चार वर्षांचं असतं. दरवर्षी काही फाइली दुरून, संगणकावर तपासल्या जातात, शेवटच्या वर्षी असेसर प्रत्यक्ष येतात आणि मग २१ सदस्यांच्या आयोगापुढे सुनावणी होते. टेक्सासमध्ये राज्याच्या पोलीस प्रमुखांच्या संघटनेचाही स्वतंत्र कार्यक्रम आहे. तुमच्या आकाराच्या खात्याने तिथून सुरुवात केलेली बरी, असं आमचं मत.

खर्चाचं म्हणाल तर फी ही लहान बाब. खरा खर्च माणसाचा. या कामासाठी एक अ‍ॅक्रेडिटेशन मॅनेजर लागतो. गस्त सांभाळून उरलेल्या वेळात हे करणाऱ्या सार्जंटच्या फाइली दुसऱ्या वर्षी रिकाम्या निघतात. पहिल्या खेपेला दोन-तीन वर्षं धरून चाला.

प्रत्येक मानकाच्या फाइलमध्ये दोन गोष्टी हव्यात : लेखी आदेश, आणि तो पाळल्याचा पुरावा. आदेश लिहिणं सोपं वाटतं आणि पहिली चूक तिथेच होते. शेजारच्या शहराचे नियम उचलून आणले जातात, कधीकधी त्या शहराचं नाव चौथ्या पानावर तसंच राहतं. त्याहून वाईट म्हणजे फुशारकीचा नियम. कोठडीतल्या माणसाला निदान दर ३० मिनिटांनी समोर जाऊन पाहावं, अशी कलियाची अपेक्षा आहे. कुणीतरी उत्साहाने आपल्या आदेशात १५ मिनिटं लिहितो. मग खातं मानकात बसतं, पण स्वतःच्या नियमात नापास होतं, आणि पुढे दावा लागला की समोरचा वकील नेमकं तेच पान उघडतो.

त्या कोठडीची नोंदवही स्वतः मागून बघा. १०.००, १०.३०, ११.०० अशा ठोक वेळा, एकाच पेनाने, एकाच हाताने रात्रभर लिहिलेल्या दिसल्या तर समजा की पहाटे बसून भरल्या आहेत. खऱ्या फेऱ्यांच्या वेळा १०.०४, १०.२९, १०.५७ अशा वेड्यावाकड्या असतात.

सगळ्यात जास्त घोळ मुद्देमाल खोलीत. इथे कलियाच्या अपेक्षा चार आहेत आणि त्या एकीत एक मिसळून चालत नाहीत. मुद्देमाल सांभाळणाऱ्याने सहा महिन्यांतून एकदा स्वतः पाहणी करायची. त्या कामाशी रोजचा संबंध नसलेल्या वरिष्ठाने वर्षातून एकदा ऑडिट करायचं. चीफच्या आदेशाने वर्षातून निदान एकदा न सांगता तपासणी व्हायला हवी. आणि सांभाळणारा माणूस बदलला की नव्याने आलेल्याने चीफच्या प्रतिनिधीबरोबर मिळून ऑडिट करायचं. हे चौथंच राहून जातं : जुना सार्जंट शुक्रवारी निवृत्त होतो, केक कापला जातो, सोमवारी नव्याच्या हातात किल्ल्या. तीन महिन्यांनी रोकड कमी निघाली तर ती कोणाच्या काळात गेली, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

असेसर तपासतो ते दोन्ही बाजूंनी. रजिस्टरमधली काही नावं काढून वस्तू फळीवर दाखवा म्हणतो, मग फळीवरची पाकिटं उचलून त्यांच्या नोंदी दाखवा म्हणतो. अंमली पदार्थ, रोकड, दागिने आणि शस्त्रं यांना वेगळं, जादा कुलूप आहे का, तेही पाहतो. तुमच्या समितीला खोलीत शिरता येणार नाही, पण या चारही तपासण्यांच्या तारखा मागता येतील. तारखा लगेच मिळाल्या नाहीत तर बजेटआधी तेच काम व्हायला हवं.

आणखी एक. बळाचा वापर आणि गाड्यांचा पाठलाग यांचं दरवर्षी विश्लेषण लागतं. बरीच खाती ‘एकूण १४ घटना, सर्व नियमानुसार’ एवढं लिहून मोकळी होतात. ही मोजणी झाली. कोणत्या पाळीत, कोणत्या कारणाने, कोणत्या अधिकाऱ्यांकडून पुन्हापुन्हा, आणि त्यावरून प्रशिक्षणात काय बदललं, हे असेल तर त्याला विश्लेषण म्हणायचं.

प्रश्न : मानांकित खात्यातला पोलीस गैरवागला तर त्याचं लायसन्स जातं का? आणि मानांकन असलं की बळाचा वापर कमी होतो का?
— एक विद्यार्थिनी, न्यू जर्सी

पहिल्याचा मानांकनाशी संबंध नाही. मानांकन खात्याला, लायसन्स माणसाला. लायसन्स किंवा प्रमाणपत्र देणं आणि काढून घेणं हे राज्याच्या यंत्रणेचं काम. तुमच्या राज्यात पोलिसांना लायसन्स लावणारा कायदा २०२२ मध्ये झाला.

दुसऱ्याचं उत्तर ‘आपोआप नाही’. नियम आहे आणि त्याची नोंद ठेवली जाते, एवढं मानांकन सांगतं. रस्त्यावर त्या मिनिटाला काय झालं ते सांगत नाही. जून २०२० मध्ये ट्रम्प यांच्या आदेशाने न्याय विभागाची काही अनुदानं बाहेरच्या संस्थेच्या पडताळणीशी जोडली गेली. त्यात गळा दाबण्यावर बंदी हवी, ही अट होती, मात्र प्राणघातक बळ कायद्याने चालतं तेवढा प्रसंग सोडून. त्यामुळे बऱ्याच खात्यांची या विषयाकडे नजर गेली ती पैशासाठी. त्यात वाईट काही नाही, फक्त ‘पडताळणी’ आणि ‘पूर्ण मानांकन’ या दोन गोष्टी एक समजू नका. पहिली काही पानांत आटोपायची.

प्रश्न : आमच्या पोलीस ठाण्यावर ‘आयएसओ ९००१ मानांकित’ अशी पाटी आहे. अमेरिकेतलं मानांकन ते हेच का?
— एक वाचक, सातारा

नाही. आयएसओ ९००१ पोलिसांसाठी बनलेलं नाही. कारखाना, दवाखाना, ग्रामपंचायत, कुणालाही ते घेता येतं. काम ठरलेल्या पद्धतीने होतं का, नोंदी राहतात का, तक्रारींवरून सुधारणा होते का, हे त्यात पाहतात. कोठडीतली फेरी किती मिनिटांनी हवी, मुद्देमाल कोणी मोजावा, यातलं त्या मानकात काही नाही. अर्थात अर्ज शोधायला दोन तास लागायचे तिथे दहा मिनिटं लागत असतील, तर तोही फायदाच.

जिनिव्हाची आयएसओ संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. ते प्रमाणन संस्था देतात, आणि त्या संस्थांना मान्यता देणारी भारतातली यंत्रणा म्हणजे ‘एनएबीसीबी’, क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या अखत्यारीतली. म्हणून पाटी न पाहता प्रमाणपत्र पाहा. त्यावर मान्यता देणाऱ्या यंत्रणेचं चिन्ह आहे का? व्याप्तीच्या ओळीत काय लिहिलंय : ठाण्याचं सगळं काम की नुसती पासपोर्ट पडताळणी आणि अर्जांची कामं? प्रमाणपत्र साधारणतः तीन वर्षांचं असतं आणि मधे दरवर्षी देखरेख ऑडिट लागतं.

ठाण्यात ते लावलेलं नसेल तर माहिती अधिकारात प्रत मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जनमाहिती अधिकाऱ्यांकडे अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रमाणपत्राबरोबर शेवटच्या देखरेख ऑडिटची तारीखही विचारा, कारण मुदत संपली तरी पाटी खाली उतरवायला कुणी शिडी लावत नाही.