देवावर विश्वास, श्रद्धा की नुसतं 'मानणं'?

नाशिकच्या पंचवटीतल्या एका ताईंचा प्रश्न असा: मुलीने निबंधात 'माझ्या आजोबांचा देवावर विश्वास आहे' असं लिहिलं. आजोबा म्हणाले, 'विश्वास खोड, श्रद्धा लिही.' फरक काय? आणि तेच आजोबा 'मी देव मानतो, पण देवदेव करत नाही' असंही म्हणतात, ते कसं?

ताई, आजोबांचा कान पक्का आहे. 'विश्वास' आला 'श्वस्' धातूवरून, म्हणजे श्वास घेणे. ज्याच्याजवळ निर्धास्त श्वास घेता येतो, त्याच्यावर विश्वास. तो ठेवावा लागतो, बसतो, उडतो, त्याचा घातही होतो. सगळा माणसामाणसातला व्यवहार. आता विशेषणं बघा. 'विश्वासू' म्हणजे ज्याच्यावर आपण विसंबतो तो. 'श्रद्धाळू' म्हणजे ज्याच्या स्वतःच्या मनात श्रद्धा आहे तो. देवावर विश्वास असलेल्या माणसाला आपण 'विश्वासू' म्हणूच शकत नाही! त्याला भाविक, श्रद्धाळू किंवा सश्रद्धच म्हणावं लागतं. चूक नाही मुलीची, पण आजोबांचा शब्द जास्त नेमका.

'श्रद्धा' म्हणजे श्रत् + धा. 'धा' म्हणजे ठेवणे, आणि 'श्रत्'चं नातं अनेक अभ्यासक हृदयवाचक जुन्या शब्दाशी लावतात. हृदय ठेवणं. आपल्या रामकुंडावर रोज होणारं 'श्राद्ध' याच शब्दातून आलं आहे. वडिलांचं श्राद्ध करायला मी तिथे बसलो, तेव्हा देव आहे की नाही हा प्रश्न मनात आलाही नाही. हातातले तीळ आणि पाणी वडिलांना पोचावं, एवढंच होतं. श्रद्धेला पुरावा लागत नाही म्हणतात. मला वाटतं, तिला प्रश्नच वेगळा पडलेला असतो.

बोलीत मात्र हे दोन्ही शब्द कमीच. चैत्रात वणीच्या गडावर पायी निघालेल्या बाईला विचारा, ती 'माझी श्रद्धा आहे' म्हणणार नाही. 'दरवर्षीचा नेम आहे', 'देवीचं आहे आमच्याकडे', असं म्हणेल. तिच्यासाठी जुना शब्द 'भाव', त्यावरून भाविक. भाव धरायचा असतो. नवस बोलायचा आणि फेडायचा असतो. गंगापूर रोडच्या नवश्या गणपतीचं नावच त्यावरून पडलं. भाव धरणं आणि नवस बोलणं यांत अंतर आहे: नवसात देणंघेणं ठरलेलं, भावात काही ठरवलेलं नसतं.

आस्तिक-नास्तिक ही जोडी इथे कामाची नाही. दर्शनांच्या, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखांच्या, परिभाषेत वेद प्रमाण मानणारा तो आस्तिक. म्हणून जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसकही (वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे तत्त्वज्ञ) आस्तिकच ठरतात.

राहिलं आजोबांचं वाक्य. त्यात विसंगती मुळीच नाही. 'मानणे'मध्ये मान्य करणं आहे आणि मान देणंही आहे. 'देवदेव करणे'मधली द्विरुक्ती अतिरेक दाखवते, 'पैसापैसा करणे'सारखी. म्हणजे आजोबा देवाला मान देतात, त्याच्या मागे लागत नाहीत. मुलीला सांगा, खोडायचंच असेल तर सरळ 'आजोबा देव मानतात' असं लिही. तो आजोबांचा स्वतःचा शब्द आहे.