चयापचयाची उजळणी उपाशी शरीरापासून सुरू करा

तुम्ही लिहिलंय की ग्लायकोलिसिस (ग्लुकोज तोडणं), क्रेब्ज सायकल (त्यातून पुढे ऊर्जा काढणं), युरिया सायकल (अमोनियाची विल्हेवाट) तीनदा पाठ केली, तरी पंधरा दिवसांत सगळं पुसलं जातं आणि रुग्णाची माहिती देऊन विचारलेला प्रश्न आला की काहीच सुचत नाही. पाठांतर कमी पडतंय असं मला वाटत नाही. प्रत्येक पाथवे, म्हणजे रासायनिक क्रियांची साखळी, तुम्ही सुटासुटा वाचताय, शरीर मात्र ते सगळे एकदम चालवतं.

मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांची उजळणी घेतोय. पहिल्या दिवशी पुस्तक मिटायला लावतो आणि कोऱ्या कागदावर एकच प्रश्न देतो: रात्री जेवून झोपलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी काहीच खाल्लं नाही, तर त्याच्या यकृतात, स्नायूंत, चरबीत आणि मेंदूत तासागणिक काय घडतं?

जेवणानंतर इन्सुलिन वर असतं तोवर यकृत साठवण करतं. पुढे इन्सुलिनच्या उलट काम करणारं संप्रेरक ग्लुकागॉन वाढतं, प्रोटीन कायनेज ए (फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) जागं होतं आणि एन्झाइम्सना फॉस्फेट लागू लागतं. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजचा साठा; तो तोडणारं ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज चालू. साठा बनवणारं ग्लायकोजेन सिंथेज, ग्लायकोलिसिसमधलं पायरुव्हेट कायनेज आणि चरबी बनवायला लागणारं असिटिल-कोए कार्बोक्सिलेज बंद. ‘उपाशी यकृतात फॉस्फेट चढतं’ एवढं पक्कं केलंत, तर कोण चालू नि कोण बंद हे तर्कानेच काढता येतं.

यकृतात ग्लायकोजेन असतं साधारण 100 ग्रॅम आणि एकट्या मेंदूला दिवसाला 120 ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं. म्हणजे दिवसभरात साठा संपत येतो. स्नायूंत याच्या कितीतरी पट ग्लायकोजेन आहे, पण तिथे ग्लुकोजवरचं फॉस्फेट काढून ते मोकळं करणारं ग्लुकोज-6-फॉस्फटेज नाही, म्हणून त्यातलं ग्लुकोज रक्तात येत नाही. मग यकृत लॅक्टेट, ग्लिसरॉल आणि अमिनो आम्लांपासून नवं ग्लुकोज बनवतं.

आता इथे थांबा, कारण बहुतेकांचा धागा इथेच तुटतो. ग्लुकोज बनवायला एटीपी (पेशीतली वापरायला तयार ऊर्जा) खर्ची पडतं. ते येतं फॅटी ॲसिड जाळून. त्यातूनच तयार झालेलं असिटिल-कोए नवं ग्लुकोज बनवण्याची सुरुवात करणाऱ्या पायरुव्हेट कार्बोक्सिलेजला चालना देतं. म्हणजे चरबीचे कार्बन ग्लुकोजमध्ये जात नाहीत (विषम कार्बनांची साखळी आणि ग्लिसरॉल हे अपवाद), पण चरबी जळल्याशिवाय ग्लुकोज बनतही नाही. हे उमगलं की एमसीएडीची (मध्यम लांबीची फॅटी ॲसिड तोडणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असलेलं बाळ आजारपणात दूध पिईनासं झालं तर त्याची साखर का घसरते आणि तरीही कीटोन (चरबी जळून यकृतात बनणारं पर्यायी इंधन) का वाढत नाहीत, हे तुम्हीच सांगाल. मला आजही या विषयातली सर्वांत सुंदर जागा हीच वाटते.

आजारांचा अभ्यास याच कागदावर करा. एक एन्झाइम खोडा आणि मागे काय तुंबेल, पुढे काय आटेल ते लिहा. ग्लुकोज-6-फॉस्फटेज खोडलंत तर उपाशीपोटी साखर पडते, लॅक्टेट आणि युरिक ॲसिड वाढतं, यकृत मोठं होतं: हा व्हॉन गिर्के आजार. स्नायूतलं फॉस्फोरिलेज खोडलंत तर साखर ठीक, पण व्यायाम करताना पेटके येतात आणि लॅक्टेट वाढत नाही: हा मॅकआर्डल आजार.

युरिया सायकलसाठी एवढंच लक्षात ठेवा: एक नायट्रोजन अमोनियातून येतो, दुसरा ॲस्पार्टेटमधून, आणि या सायकलमधलं ऑर्निथिन ट्रान्सकार्बामिलेज हे एन्झाइम नसेल तर अमोनियासोबत ऑरोटिक ॲसिडही वाढतं. जीवनसत्त्वं त्यांच्या एन्झाइमजवळच लिहा. पायरुव्हेटचं असिटिल-कोए करणाऱ्या पायरुव्हेट डीहायड्रोजिनेजशेजारी थायमिन (जीवनसत्त्व बी1) लिहिलेलं असलं, की कुपोषित रुग्णाला नुसतं ग्लुकोज देणं का धोक्याचं, ते दिसतं.

रासायनिक रचना किती पाठ कराव्यात, असंही विचारलंयत. तुमच्या परीक्षेत काढायला सांगत असतील तेवढ्याच. तो वेळ हा कागद तिसऱ्या आणि आठव्या दिवशी न बघता पुन्हा काढण्यात घाला आणि हात जिथे अडेल, पुस्तकातलं तेवढंच पान उघडा.