‘मूळ’ कथा म्हणजे कुठली?

सोलापुरातल्याच एका वाचकाने विचारलं आहे : चित्रपट स्टुडिओंवरच्या इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना ‘ओरिजिनल’ आणि ‘सीक्वल’ या शब्दांसाठी ‘स्टुडिओंनी मूळ कथा आणि उत्तरार्ध यांचा मेळ घालावा’ असं लिहिलं, ते बरोबर आहे का?

मला दोन्ही शब्द खटकतात, त्यातही ‘मूळ’ जास्त. ‘झपाटलेला 2’बद्दल (2013) बोलताना ‘मूळ चित्रपट’ म्हटलं की डोळ्यांसमोर 1993चा ‘झपाटलेला’ येतो. म्हणजे ज्याचा पुढचा भाग निघाला, तो मूळ. तुम्हाला नेमकं उलट म्हणायचं आहे : जिच्या मागे-पुढे काही नाही अशी कथा. पिक्सार या अमेरिकन अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा ‘इनसाइड आउट 2’ 2024मध्ये तुफान चालला. पुढच्याच वर्षी त्यांचा, कशाचाही पुढचा भाग नसलेला ‘एलिओ’ पहिल्या तीन दिवसांतच पडला. आता ‘मूळ कथेकडे प्रेक्षक फिरकले नाहीत’ असं लिहून बघा. वाचक थेट 2015च्या पहिल्या ‘इनसाइड आउट’वर जाईल!

‘नवी कथा’ही पुरत नाही, कारण दुसऱ्या भागाची कथाही नवीच असते. मराठी रंगभूमीकडे यासाठी जुना, घासूनपुसून तयार झालेला शब्द आहे. अनुवादित नाटक, रूपांतरित नाटक आणि स्वतंत्र नाटक. तोच ‘स्वतंत्र’ घ्या, पण ‘कथे’लाच जोडा. ‘स्वतंत्र चित्रपट’ म्हटलं तर स्टुडिओच्या पैशाशिवाय काढलेला, असा अर्थ होतो.

‘उत्तरार्ध’ म्हणजे नंतरचा अर्धा भाग. आधी एक अख्खी गोष्ट हवी, तरच तिचे अर्धे होणार. 2017मध्ये ‘बाहुबली 2’च्या तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे सोलापूरच्या पूर्व भागातले, म्हणजे तेलुगू भाषकांच्या वस्तीतले एक आजोबा होते. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी. म्हणाले, “राहिलेली इष्टोरी बघायला आलोय की.” उत्तरार्धाची याहून नेमकी व्याख्या मला कोशात सापडलेली नाही. ‘झपाटलेला’चं मात्र काही राहिलेलं नव्हतं. वीस वर्षांनी आला तो पुढचा भाग. भारदस्त शब्द हवा असेल तर ‘उत्तरकथा’ म्हणा. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तला ‘उत्तर’ हाच.

फ्रँचायझीला, म्हणजे एकाच नावाखाली निघत राहणाऱ्या चित्रपटांना, ‘मालिका’ नको, लोकांना टीव्ही आठवतो. व्याख्यानमाला, ग्रंथमाला, तशी ‘चित्रपटमाला’ मला आवडते. नावाच्या हक्कांचा, धंद्याचा मुद्दा असेल तिथे ‘फ्रँचायझी’च राहू द्या, चहाच्या दुकानांमुळे तो शब्द आता घरोघरी कळतो.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘स्टुडिओंनी स्वतंत्र कथा आणि गाजलेल्या चित्रपटांचे पुढचे भाग यांचा मेळ घालावा.’