ऑनलाइन उघडलेल्या नवीन बँक खात्यात पैसे टाकताना

अरे घाबरू नको, सोपं आहे. सुरुवातीला यूपीआयच बरं, जुन्या खात्यातून आधी १ रुपया पाठव, नाव बरोबर दिसलं आणि मेसेज आला की मगच बाकीचे. यूपीआयला साधारण दिवसाला १ लाखाची मर्यादा, त्याच्या वर असेल तर बँकेच्या ॲपमधून आयएमपीएस नाहीतर एनईएफटी कर (दोन्ही खात्यातून खात्यात पैसे पाठवायच्या पद्धती), चवथीच्या सुट्टीतसुद्धा चालतं. त्याला लागणारा आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, ११ अक्षरी असतो आणि त्यात पाचवा शून्य, तिथे लोक हमखास इंग्रजी ओ मारतात आणि मग ‘चालत नाही’ म्हणून बोंबलतात!

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची रोकड असेल तर तुझ्या बँकेचं डिपॉझिट मशीन जवळ कुठे आहे ते आधी विचार, सगळ्यांचं नसतं. पिना, रबर काढ, नोटा सरळ कर, पावसात भिजलेल्या नोटा मशीन परत फेकतं. मोठी रोख भरलीस तर पॅन लागू शकतो, बँकेत विचारून घे.

नवे लोक इथेच फसतात:
- पैसे ‘घ्यायला’ पिन टाकतात. येणाऱ्या पैशांना पिन कधीच लागत नाही, कोणी मागितला तर फोन ठेव.
- नुसत्या आधार ओटीपीवर खातं उघडून गप्प बसतात. त्यात शिल्लक १ लाखाच्या वर ठेवता येत नाही, म्हणून व्हिडिओ केवायसी (व्हिडिओ कॉलवर ओळख पटवणं) लगेच उरक.

ऑटो स्वीप (जास्तीची शिल्लक आपोआप एफडीत जाणं), एफडी वगैरे नंतर बघू.