चित्रपटांतल्या अक्राळविक्राळ प्राण्यांच्या फिगर मूळ डिझाइनशी कितपत इमान राखतात?

मी काही वर्षांपासून मुख्यतः ‘एलियन’ या परग्रहावरच्या हिंस्र प्राण्याच्या चित्रपटमालिकेतल्या फिगर, म्हणजे छोट्या प्रतिकृती, जमवत आलो आहे, म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या एकाच प्राण्यापुरते देतो. आकार आणि कोरीवकाम यांत आजच्या चांगल्या फिगर थक्क व्हावे इतक्या अचूक असतात. त्या उघड्या पडतात त्या पृष्ठभागाच्या बाबतीत. मात्र त्याआधी ‘मूळ’ कशाला म्हणायचे, हे ठरवावे लागते.

१९७९ च्या पहिल्या चित्रपटासाठी स्वित्झर्लंडचे चित्रकार एच. आर. गीगर यांनी आपल्याच एका जुन्या चित्रावरून हा प्राणी घडवला. आत माणूस आहे अशी शंकाही येऊ नये म्हणून प्राण्याच्या सूटमध्ये, म्हणजे अंगभर चढवायच्या पोशाखात, बोलाजी बडेजो हा जवळजवळ सात फूट उंचीचा, लांबसडक हातापायांचा नायजेरियन तरुण उभा केला गेला. डोक्यावरच्या अर्धपारदर्शक घुमटाखाली पुढच्या बाजूला कवटीचा चेहरा होता, पण डोळ्यांच्या त्या खोबणी पडद्यावर बहुतेकांच्या लक्षातही येत नाहीत. केनर कंपनीच्या त्या काळच्या १८ इंची खेळण्यात मात्र घुमट स्वच्छ पारदर्शक आणि आतली कवटी ठळक होती. म्हणजे ते खेळणे सूटशी प्रामाणिक होते, चित्रपटाशी नव्हे. (पालकांच्या तक्रारींमुळे ते दुकानांतून काढून घ्यावे लागले, असे सांगतात. संग्राहकांना ती तक्रार शिफारसच वाटते.)

१९८६ च्या दुसऱ्या चित्रपटाची गंमत याहून मोठी आहे. दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांनी घुमट काढून टाकला आणि खालचे कंगोरे उघडे ठेवले. कलाकारांना उड्या मारता याव्यात, भिंतींवरून सरपटता यावे, म्हणून बरेचसे सूट हलके केले होते: अंगाला घट्ट बसणाऱ्या काळ्या कपड्यावर फोमचे भाग चिकटवलेले. उरलेले काम अंधाराने, धुराने आणि संकलनाने केले. फिगर मात्र टेबलावर, ट्यूबलाइटखाली, चारही बाजूंनी पाहिली जाते. त्यामुळे शिल्पकाराला अंगाचा कोपरान्‌कोपरा कोरावाच लागतो आणि ती काही ठिकाणी त्या सूटपेक्षाही पूर्ण होते. अशा वेळी तिला अचूक म्हणावे की कल्पक, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

सांधे हा कायमचा तोटा आहे. माझ्याकडच्या सात इंची फिगरमध्ये कोपराच्या चकतीपाशी हातावरची नळ्यांची नक्षी मधेच तुटते, आणि हात वाकवला की दोन नळ्या एकमेकींना चुकवून निघून जातात. हात न हलवता येणाऱ्या पुतळ्यात ही अडचण नसते.

पण खरी हार ओलेपणात होते. चित्रीकरणात हा प्राणी जेलने माखलेला असे आणि प्रकाश त्या चिकट थरावरून घसरत असे. फिगरवरचे चकचकीत वॉर्निश सगळीकडे सारखेच चमकते, त्यामुळे प्राणी ओला न वाटता नुकताच पॉलिश केलेला वाटतो. मी एकदा घुमटावर ग्लिसरीनचे दोन थेंब पसरले, खोलीतले दिवे घालवले आणि बाजूने टॉर्च धरली, तेव्हा पहिल्यांदाच तो चित्रपटातल्यासारखा दिसला. पुढचा अख्खा रविवार मात्र ग्लिसरीनवर बसलेली धूळ जुन्या टूथब्रशने कंगोऱ्यांतून काढण्यात गेला.