आवडत्या वेबसाइटवर नवीन काही आलं की आपोआप कळावं, अशी काही सोय आहे का?

तुम्ही म्हणताय की दहा-बारा वेबसाइट आहेत, त्यातल्या काही महिनोन्‌महिने गप्प असतात आणि रोज एकेक उघडून बघायचा आता वैताग आलाय. सोय आहे, आणि चांगली जुनी आहे. तिला फीड किंवा आरएसएस म्हणतात. 1999 साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत ती तयार झाली. करणाऱ्यांत आपले आयआयटी मद्रासचे रामनाथन गुहा होते.

वाचनालयाच्या दारात नव्या पुस्तकांची नावं लिहिलेला फळा असतो ना, तसंच हे. वेबसाइट आपल्या ताज्या लेखांची यादी एका ठरलेल्या पत्त्यावर लावून ठेवते. तुमचा फीड रीडर, म्हणजे फीड वाचायचं अ‍ॅप किंवा वेबसाइट, थोड्या थोड्या वेळाने सगळ्या फळ्यांवरून चक्कर मारतो आणि नवं असेल तेवढंच तुमच्यापुढे ठेवतो. कुणाला ईमेल द्यायला नको. नकोसं झालं की यादीतून नाव उडवायचं, संपलं.

फीडली किंवा इनोरीडर अशा एखाद्या फीड रीडरवर खातं काढा. मेल थंडरबर्डमध्ये बघत असाल तर फीड त्यातच वाचता येते. वेबसाइटचा साधा पत्ता चिकटवला तरी बहुतेक रीडर फीड स्वतः हुडकतात. नाहीच सापडली आणि वेबसाइट वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायच्या एका सॉफ्टवेअरवर) असेल, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ (/) देऊन इंग्रजीत feed लिहून बघा. यूट्यूब चॅनेलचा पत्ताही चालतो. विकिपीडियावर तर प्रत्येक पानाच्या इतिहासाला फीड असते. मराठी विकिपीडियावरच्या आमच्या गावाच्या पानावर कुणी हात फिरवला की मला लगेच समजतं. (गावात दुसरं फारसं काही घडत नाही.) फेसबुक-इन्स्टाग्रामचं मात्र यात काही जमत नाही.

आता माझी चूक ऐका. सुरुवातीच्या उत्साहात मी चार वर्तमानपत्रं जोडली. आठवड्याभरात न वाचलेल्या बातम्यांचा आकडा हजारावर गेला, आणि ज्या एका माणसाचं लिखाण वर्षातून दोनदा येतं, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता, त्याचा लेख त्या ढिगाऱ्यात गाडला गेला. दुसऱ्या दिवशी चारही पेपर काढून टाकले. बातम्या काय, कुठूनही कानावर येतातच. फीडचा खरा उपयोग क्वचित लिहिणाऱ्यांसाठी.

थंडरबर्ड वापरणार असाल तर एक अडचण आहे. वर्डप्रेसच्या फीडमध्ये सहसा शेवटचे 10 लेखच असतात. संगणक महिनाभर बंद राहिला आणि तेवढ्यात तिकडे 15 लेख आले, तर जुने 5 तुम्हाला दिसायचेच नाहीत. फीडली वगैरे त्यांच्या सर्व्हरवरून बघत असतात, त्यामुळे तिथे सहसा ही भीती नाही.

आणि तुमच्या सगळ्या फीडच्या पत्त्यांची यादी एका फाइलमध्ये (तिला ओपीएमएल म्हणतात) अधूनमधून उतरवून ठेवा. गुगलचा फीड रीडर, गुगल रीडर, 1 जुलै 2013 ला बंद झाला, त्याआधी यादी काढून घ्यायला चांगली साडेतीन महिन्यांची मुदत होती. मी उद्या-परवा करत राहिलो. नंतर वही घेऊन बसलो, तर निम्मे पत्ते आठवेनात. फाइल असती तर दुसऱ्या रीडरमध्ये टाकून पाच मिनिटांत मोकळा झालो असतो.