मिहानच्या कंपनीचा जॉब मेल आलाय, खरा समजू का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी नागपूरला नंदनवनमध्ये राहते, बीकॉम झालंय, वर्षभरापासून जॉब शोधून राहिले. परवा मिहानमधल्या (विमानतळाजवळचा कंपन्यांचा भाग) एका मोठ्या आयटी कंपनीच्या नावाने मेल आला, बॅक ऑफिससाठी शॉर्टलिस्ट झालात म्हणून, पगार महिन्याला ३४,००० रुपये. जॉब साइटवर माझा रेझ्युमे आहे पण या कंपनीत अप्लाय केल्याचं आठवत नाही. इंटरव्ह्यू व्हॉट्सॲपवर चॅट करूनच झाला आणि लगेच ऑफर लेटरची पीडीएफ आली, लोगो, शिक्का, सही, सीआयएन (कंपनीचा सरकारी नोंदणी नंबर) सगळं त्यावर आहे. सीआयएन मी सरकारी साइटवर टाकून पाहिला तर कंपनी खरी निघाली. आता लॅपटॉपसाठी ४,८०० रुपये रिफंडेबल डिपॉझिट उद्या संध्याकाळपर्यंत भरा, नाही तर सीट दुसऱ्याला देऊ म्हणतात. बाबा म्हणतात फ्रॉड आहे, भाऊ म्हणतो मोठ्या कंपन्यांत असंच चालतं, मेलचं इंग्रजी पण एकदम चांगलं आहे. काय करू?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : पैसे भरू नको. उद्याची संध्याकाळ जाऊ दे, काही बिघडत नाही. आता सावकाश वाच.

तू सीआयएन तपासलास हे चांगलं केलंस, बरेच लोक तेवढंही करत नाहीत. पण त्यातून कळलं काय, तर त्या नावाची कंपनी आहे. मेल त्याच कंपनीने पाठवला हे त्यातून कळत नाही. कायद्याने कंपनीला तो नंबर आपल्या लेटरहेडवर छापावाच लागतो, म्हणजे तो सगळ्यांसाठी उघडा आहे, कोणीही उचलून आपल्या पीडीएफवर टाकू शकतो. दुसऱ्याच्या घराची पाटी आपल्या दाराला लावण्यासारखं आहे ते. लोगो, शिक्का, एचआरचं नाव, यांचंही तेच, एचआरमधल्या खऱ्या माणसाचं नाव आणि फोटो लिंक्डइनवरून घेतात, त्या बिचाऱ्याला पत्तासुद्धा नसतो.

इंग्रजीचं म्हणशील तर स्पेलिंगच्या चुका शोधा हा सल्ला आता जुना झाला. एआयकडून कोणीही स्वच्छ मेल लिहून घेतो. आणि उलटही होतं नं, बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या लहान कारखान्याचा मालक साध्या जीमेलवरून दोन ओळींचा मोडकातोडका मेल पाठवतो आणि तो जॉब अगदी खरा असतो. म्हणून मेल दिसतो कसा यावरून निकाल लावू नको.

पत्ता मात्र नीट बघ. मोबाईलवर फक्त पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, त्या नावात काहीही टाइप करता येतं, म्हणून नावावर टॅप करून पूर्ण ॲड्रेस उघड. ॲटच्या खुणेनंतरचा भाग उजवीकडून वाचायचा, म्हणजे डॉट कॉमच्या लगेच डावीकडे जे नाव आहे तो खरा मालक. समज कंपनीची साइट अबकटेक डॉट कॉम आहे, तर करिअर्स डॉट अबकटेक डॉट कॉम हा पत्ता कंपनीच्या हातातला, पण अबकटेक-करिअर्स डॉट कॉम हे वेगळंच डोमेन, म्हणजे साइटचं नाव, झालं, ते कोणीही थोडे पैसे देऊन विकत घेऊ शकतं. (शेवटी डॉट को डॉट इन असेल तर त्याच्या डावीकडचं नाव बघायचं.) इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी लिहितात, छोट्या स्क्रीनवर अजिबात कळत नाही. मग रिप्लाय दाबून बघ, मेल न पाठवता नुसतं बघ, उत्तर कोणत्या पत्त्यावर चाललंय ते, कधी कधी आलेला पत्ता एक आणि उत्तराचा दुसराच निघतो. आणि ते डोमेन कधी नोंदलं गेलं हे हूइज सर्चमध्ये सापडतं, कंपनी कितीतरी वर्षांची आणि डोमेन मागच्या महिन्यातलं असेल तर तिथेच थांब.

कोणी तुला सांगेल की जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर शो ओरिजिनल उघड, तिथे एसपीएफ आणि डीकिम या मेल तपासण्यांसमोर पास लिहिलंय म्हणजे मेल खरा. तसं नाही गं. पासचा अर्थ एवढाच की मेल त्या डोमेनकडूनच आला, आणि फ्रॉडवाल्याने स्वतः विकत घेतलेल्या डोमेनवरून पाठवलेला मेलही आरामात पास होतो. फेल असेल तर सावध व्हायला कारण आहे, पास असेल तर काहीच सिद्ध होत नाही.

खरी तपासणी मेलच्या बाहेर जाऊनच होते. मेलमधली लिंक नको, मेलमधला फोन नंबर नको, पीडीएफवरचा पत्ता पण नको. कंपनीची वेबसाइट स्वतः टाइप करून उघड, करिअर्सचं पान बघ, ही पोस्ट तिथे आहे का, जॉब आयडी जुळतो का, आणि तिथे दिलेल्या संपर्कावर ऑफर लेटर पाठवून सरळ विचार की हे तुमचंच आहे का. बहुतेक मोठ्या कंपन्यांनी आम्ही भरतीसाठी कोणाकडूनही पैसे घेत नाही असं तिथेच लिहून ठेवलेलं असतं, ते भावाला दाखव. आणि तू तर नागपूरलाच आहेस, सीताबर्डीहून ऑरेंज लाइनची मेट्रो खापरीपर्यंत जाते, पुढे मिहान जवळच आहे. लेटरचा प्रिंट घेऊन बाबांसोबत जा आणि गेटवर विचार या नावाने इथे कोणाचं जॉइनिंग आहे का. दिल्ली-बंगलोरच्या नावाने मेल येतो तेव्हा हे करता येत नाही, इथे येतं.

त्याआधी घरबसल्या एक कर. त्यांना लिही की मी डिपॉझिट आणि कागदपत्रं ऑफिसला येऊन देते, कोणाला भेटायचं ते कंपनीच्या ऑफिशियल मेलवरून कळवा. खऱ्या एचआरला यात राग येण्यासारखं काही नाही. फ्रॉड असेल तर घाई वाढेल, अचानक डिपॉझिट निम्मं होईल, किंवा मॅनेजर म्हणून आणखी कोणी फोन करेल आणि आवाज चढवेल. जास्त विचारलं तर जॉब हातचा जाईल ही भीती तुझ्या पत्रात दिसून राहिली, आणि वर्षभर घरी बसल्यावर ती वाटणारच, ते लोक नेमकं तिथेच बोट ठेवतात. पण विचारल्यामुळे जो जॉब जातो तो मुळात नव्हताच.

पैशाचं आता. कामाचा लॅपटॉप कंपनी स्वतः देते, जॉइनिंगला सही घेऊन देते. रिफंडेबल शब्दाला भुलू नको, ४,८०० गेले की मग ट्रेनिंगचे, मग व्हेरिफिकेशनचे, मग जीएसटीचे असं चालू राहतं, आणि आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. यूपीआयवर पैसे पाठवताना ॲप समोरच्याचं नाव दाखवतं, तिथे कोण्या माणसाचं नाव आलं तर कंपनी आपली डिपॉझिटं खाजगी खात्यात का घेईल, हा प्रश्न भावाला विचार. भावाचा गोंधळ कदाचित सरकारी परीक्षांमुळे असेल, तिथे फी असते, पण ती जाहिरात निघाल्यावर, फॉर्म भरताना, अधिकृत पोर्टलवर. निवड झाल्यावर सीट पक्की करायला पैसे मागणं ही गोष्टच वेगळी. डब्ल्यूसीएल, मॉइल या सरकारी कंपन्या, रेल्वे, एम्सच्या नावाने पत्र आलं तरी आधी त्यांच्या स्वतःच्या साइटवर जाहिरात शोधायची, तिथे नसेल तर पत्र खोटं. परदेशातला जॉब म्हणत असतील तर एजंट सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर रजिस्टर्ड आहे का ते बघायचं, रजिस्टर्ड एजंटलाही फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. टुरिस्ट व्हिसावर थायलंडला या, पुढचं बघू, असं म्हणणाऱ्याच्या मागे तर मुळीच जाऊ नये, असे गेलेले कितीतरी भारतीय म्यानमार आणि कंबोडियात ऑनलाइन फ्रॉडच्याच कामाला डांबले गेले.

तुझे बाबा बरोबर आहेत असंच मला वाटतं. तरी एकदा कंपनीला विचारून घे, म्हणजे तुझ्या मनात राहणार नाही.

प्रश्न : ताई, माझ्या भाच्याने अशाच एका मेलवर २,००० रुपये रजिस्ट्रेशन भरून टाकले, आधार, पॅन, पासबुकचे फोटो पण दिले. आता ते म्हणतात ट्रेनिंग म्हणून कंपनीचे पैसे तुझ्या खात्यात येतील, तू कमिशन ठेवून पुढे पाठव. त्याला ते खरं वाटून राहिलं.
– एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : मावशी, त्याला आजच्या आज थांबवा. ते येणारे पैसे दुसऱ्या कोणाला फसवून काढलेले असतात, आणि पोलिसांचा माग त्याच्याच खात्यापर्यंत येतो, कारण नाव त्याचं आहे. पैसे आलेच असतील तर पुढे पाठवायचे नाहीत, खर्चही करायचे नाहीत, बँकेत जाऊन लेखी द्यायचं.

१९३० या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका, जितकं लवकर कळवाल तितकी पैसे मधेच अडवले जाण्याची शक्यता जास्त. शहराचं सायबर पोलीस स्टेशन आहेच, आणि जवळच्या ठाण्यातही तक्रार देता येते. मेल आणि चॅट डिलीट करू नका, घरच्यांच्या भीतीने पोरं पहिले तेच करतात, म्हणून त्याला आधी रागावू नका. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर त्याच्या नावाने किती सिम आहेत ते बघा, अधूनमधून क्रेडिट रिपोर्ट काढून त्याच्या पॅनवर कोणी लोन उचललं का तेही पाहत जा. त्यांनी एखादं ॲप पाठवून इन्स्टॉल करायला लावलं असेल तर फोनचं नेट बंद करून बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

थोड्या दिवसांनी कोणी वकील किंवा सायबर सेलवाला म्हणून फोन करेल, तुमचे २,००० परत मिळवून देतो, आधी ५०० फी भरा म्हणेल, त्याला काही देऊ नका. तक्रारीचा नंबर मिळेल तो लिहून ठेवा, बँकेत आणि ठाण्यात तोच विचारतात.